कूलंटच्या अहवालात धातू दिसले, तर तो अहवाल कसा वाचावा

गाडीच्या कूलंटचा नमुना तपासायला दिला आणि अहवालात लोह, ॲल्युमिनियम, तांबे यांच्यापुढे मोठाले आकडे दिसले, की पहिल्यांदाच असा अहवाल पाहणाऱ्याची नजर तिथेच खिळते आणि तो कूलंट बदलायला थेट गॅरेज गाठतो. ही घाई महागात पडते. धातूंचे आकडे गंज कुठे लागला आहे एवढेच सांगतात. तो का लागला, याचे उत्तर त्याच अहवालातल्या इतर नोंदींत असते. कारण न शोधता नुसता कूलंट बदलला, तर नवा कूलंटही जुन्याच्या वाटेने जातो आणि वर्षभराने रेडिएटर गळू लागतो. म्हणून अहवाल वाचण्याचा क्रम आधी नीट समजून घ्यावा.

नमुना देण्याआधी

आपल्या गाडीत कूलंट कोणकोणत्या धातूंना स्पर्श करतो, याची यादी आधी कागदावर करावी. फियाटच्या रचनेचे 1.3 लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या. ते स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत बसले आणि त्याचे उत्पादन पुण्याजवळ रांजणगावलाही होत असे. त्याचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा मुख्य सांगाडा, बिडाचा आणि त्यावर बसणारे हेड ॲल्युमिनियमचे आहे. अशा गाडीत लोह बहुधा ब्लॉकमधून येणार आणि ॲल्युमिनियम हेडमधून किंवा रेडिएटरमधून. ज्या इंजिनाचा ब्लॉकही ॲल्युमिनियमचा आहे, तिथे कूलंटला लोखंडाचा फारसा स्पर्शच होत नसेल, तर लोहाचा मोठा आकडा अधिक विचारात पाडणारा ठरतो. जुन्या गाड्यांचे रेडिएटर आणि हीटर कोअर, म्हणजे गाडीच्या आतल्या हीटरचा छोटा रेडिएटर, तांबे-पितळेचे असून त्यांचे जोड शिसे व कथील मिसळलेल्या सोल्डरचे असत. आजच्या बहुतेक गाड्यांत हे दोन्ही भाग ॲल्युमिनियमचे असतात. काही ऑइल कूलरांचे जोड मात्र तांब्याने केलेले असतात, हेही लक्षात ठेवावे. ही माहिती सर्व्हिस मॅन्युअलमधून किंवा अनुभवी मेकॅनिककडून मिळते.

दुसरी तयारी त्याहून महत्त्वाची आहे, आणि ती क्वचितच कोणी करतो. गाडीत जो कूलंट आहे त्याच कंपनीच्या, त्याच प्रकारच्या, सीलबंद डब्यातल्या कूलंटचा एक नमुना सोबत द्यावा. कूलंटमध्ये गंजरोधक म्हणून मुळातच पोटॅशियम, सोडियम, सिलिकॉन, फॉस्फरस, बोरॉन किंवा मॉलिब्डेनम यांची संयुगे घातलेली असतात. पोटॅशियमचा आकडा हजारांत दिसला तरी तो गंज नसून कूलंटच्या घडणीचाच भाग असू शकतो. नव्या कूलंटचे आकडे शेजारी असले, तर मूळचे काय, नंतर आलेले काय आणि खर्ची पडलेले काय, हे तिन्ही एका नजरेत कळते.

नमुना घेताना

गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखाली असलेले कूलंट शंभर अंशांच्या वरही द्रवरूप असते आणि झाकण सैल होताच उसळून तोंडावर, हातांवर येते. इंजिन थंड असताना आधी पातळी पाहावी. मग इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, उघडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कूलंट नीट ढवळले जाते. त्यानंतर ते पूर्ण निवू द्यावे आणि मगच नमुना काढावा. तो रेडिएटरमधून किंवा ज्यातून कूलंट सतत फिरते अशा दाबाच्या टाकीतून काढावा. नुसत्या ओव्हरफ्लो बाटलीतले पाणी फारसे फिरत नसल्यामुळे ते इंजिनाची खरी स्थिती दाखवत नाही. ड्रेन प्लगमधून नमुना घेत असाल, तर पहिली धार टाकून द्यावी, कारण तळाशी साचलेला गाळ तीत येतो. बाटली नवी, कोरडी, प्लॅस्टिकची असावी. बाटलीवर तारीख, गाडीचे किलोमीटर, कूलंट केव्हा भरले आणि त्यानंतर वरून काय व किती घातले, हे लिहावे. वरून घातल्याची नोंद नसेल, तर पुढचा निम्मा अर्थ लावता येत नाही. वापरलेल्या इंजिन ऑइलची तपासणी करणाऱ्या अनेक प्रयोगशाळा कूलंटही तपासतात. किती नमुना लागेल हे त्यांनाच विचारावे.

धातूंच्या आधी बाकीच्या नोंदी

अहवाल हातात आल्यावर सर्वप्रथम ग्लायकॉलचे, म्हणजे डब्यातल्या कूलंटमधल्या मुख्य द्रवाचे, प्रमाण पाहावे. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी असे मिश्रण सुमारे उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. म्हणून काही अहवालांत टक्केवारीऐवजी गोठणबिंदू दिलेला असतो; तो उणे 17-18 अंशांच्या आसपास असेल, तर ग्लायकॉल एक तृतीयांशच उरले आहे असे समजावे. महाराष्ट्रात पाणी गोठत नाही, मग ग्लायकॉल कमी असले तर बिघडले कुठे, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. या समजुतीने असंख्य रेडिएटरांचे वाटोळे केले आहे. गंजरोधके ग्लायकॉलसोबतच डब्यातून येतात. ग्लायकॉल निम्म्यावर आले म्हणजे गंजरोधकेही निम्म्यावर आली. पुणे असो वा नागपूर, गंजाला बर्फाची गरज नसते.

त्यानंतर सामू, म्हणजेच पीएच. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या, हलक्या वाहनांच्या कूलंटसाठी असलेल्या डी 3306 या मानकात, पाण्यात निम्मे मिसळलेल्या नव्या कूलंटचा सामू 7.5 ते 11 दरम्यान असावा असे सांगितले आहे. जुन्या पद्धतीचे, सिलिकेट-बोरेटवर आधारलेले कूलंट या पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे असते, तर सेंद्रिय आम्लांवर आधारलेले आजचे दीर्घायुषी कूलंट बहुधा 8 ते 9 च्या आसपास असते. म्हणून 8.2 हा आकडा एका गाडीत उत्तम आणि दुसरीत घसरणीचे लक्षण असू शकतो. इथे नव्या नमुन्याचा सामू शेजारी असणे फार उपयोगी पडते. सामू 7 च्या खाली गेला असेल, तर मात्र प्रकार कोणताही असो, कूलंट आम्लधर्मी झाले आहे. ग्लायकॉलचे उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने विघटन होऊन ग्लायकोलिक व फॉर्मिक आम्ले तयार होतात, तोच बहुतेकदा या घसरणीचा उगम असतो. अहवालात ग्लायकोलेट आणि फॉर्मेट अशा नोंदी असतील, तर त्या याच विघटनाचे माप आहेत.

सामूच्या जवळ राखीव क्षारता अशी एक नोंद असते. तयार होणारे आम्ल उदासीन करण्याची कूलंटची किती ताकद अजून गाठीला आहे, ते ती दाखवते. सामू अजून ठीक आणि राखीव क्षारता मात्र नव्या कूलंटच्या निम्म्याखाली, अशी स्थिती असेल तर सामूची घसरण फार दूर नाही. सेंद्रिय आम्लांच्या कूलंटमध्ये ही क्षारता मुळातच कमी असते, त्यामुळे दोन वेगळ्या प्रकारांच्या कूलंटचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. नायट्राइटची नोंद शून्य दिसली म्हणूनही घाबरू नये; ते मुख्यतः अवजड डिझेल इंजिनांचे लायनर, म्हणजे सिलिंडरांची अस्तरे, पोकळी-झिजेपासून, म्हणजे कूलंटमधले बुडबुडे फुटून होणाऱ्या झिजेपासून, वाचवण्यासाठी घालतात, आणि मोटारींच्या बहुतेक कूलंटमध्ये ते नसतेच.

उरलेल्या नोंदी पाण्याविषयीच्या आहेत आणि आपल्या भागात त्याच सर्वांत बोलक्या ठरतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम म्हणजे पाण्याची कठीणता. क्लोराइड आणि सल्फेट म्हणजे त्यातले क्षार. क्लोराइड हे ॲल्युमिनियमचे हाडवैरी आहे. ॲल्युमिनियमवर स्वतःच तयार झालेला ऑक्साइडचा पातळ थर ते जागोजागी भेदते आणि त्या ठिकाणी सुईच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात. भारतीय मानक आयएस 10500 पिण्याच्या पाण्यात लिटरला 250 मिलिग्रॅम क्लोराइड स्वीकारार्ह मानते आणि दुसरा स्रोत नसेल तर 1000 पर्यंतही चालवून घेते. कठीणतेसाठी हेच आकडे 200 आणि 600 आहेत. याउलट अवजड इंजिने बनवणारी कॅटरपिलर कंपनी कूलंटमध्ये मिसळायच्या पाण्यात क्लोराइड 40, सल्फेट 100 आणि कठीणता 170 मिलिग्रॅमच्या वर नसावी असे सांगते. म्हणजे जे पाणी माणसाने निर्धास्त प्यावे, ते इंजिनात मिसळण्यासाठी अपात्र असू शकते. बोअरच्या पाण्याचा किंवा किनारपट्टीवरच्या मचूळ विहिरीचा तर प्रश्नच नको. नव्या कूलंटमध्ये कॅल्शियम जवळजवळ नसते, त्यामुळे वापरलेल्या नमुन्यात ते दिसले की नळाचे किंवा बोअरचे पाणी आत गेले, हे जवळपास निश्चित समजावे.

आता धातू

धातूंचे आकडे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असे असतात. काही प्रयोगशाळा ते लिटरला मिलिग्रॅम असे देतात, आणि व्यवहारात या दोहोंत फारसा फरक पडत नाही. कूलंटच्या डब्यासोबतच्या माहितीपत्रकावर मात्र तांबे, पितळ, पोलाद, बीड, ॲल्युमिनियम अशा नावांपुढे मिलिग्रॅममध्ये वेगळेच आकडे दिसतात, त्यांच्याशी यांची गल्लत करू नये. ते एएसटीएम डी 1384 या काचपात्रातल्या चाचणीचे निकाल असतात. तीत धातूच्या पट्ट्या 88 अंशांच्या कूलंटमध्ये 336 तास ठेवून प्रत्येक पट्टीचे वजन किती घटले ते मोजतात. पत्रकावर ॲल्युमिनियमपुढे 30 मिलिग्रॅम ही मर्यादा असली, तरी आपल्या गाडीत 30 पीपीएम चालते असा तिचा अर्थ मुळीच नाही.

निरोगी मोटारीच्या कूलंटमध्ये गंजातून आलेले धातू बहुधा एक आकडी पीपीएममध्ये असतात. धोक्याची रेषा प्रत्येक प्रयोगशाळा थोडी वेगळी आखते, म्हणून अहवालावर छापलेली तिची मर्यादा प्रमाण मानावी, पण तेवढ्यावर थांबू नये.

लोह वाढले असेल तर बिडाचा ब्लॉक किंवा वॉटर पंपातला लोखंडी भाग गंजतो आहे. हा गंज सहसा तपकिरी गढूळपणाच्या रूपाने डोळ्यांनाही दिसतो आणि त्याची वाटचाल तुलनेने संथ असते, कारण ब्लॉकच्या भिंती जाड असतात. ॲल्युमिनियमचे तसे नाही. रेडिएटरच्या नळ्यांचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो, त्यामुळे ॲल्युमिनियमचा लहान आकडाही लोहाच्या मोठ्या आकड्याहून गंभीर असू शकतो. शिवाय हा धातू आम्लातही विरघळतो आणि तीव्र अल्कातही, म्हणून सामू फार वर असणे त्यालाही मानवत नाही. एक अपवाद सांगायला हवा. आधुनिक ॲल्युमिनियम रेडिएटर जोडताना धातूचा पृष्ठभाग स्वच्छ करण्यासाठी जो फ्लक्स वापरतात, त्यात पोटॅशियम, ॲल्युमिनियम आणि फ्लोराइड असते आणि त्याचे अवशेष नव्या रेडिएटरमधून काही काळ कूलंटमध्ये उतरतात. रेडिएटर नुकताच बदलला असेल आणि इतर सर्व नोंदी चांगल्या असतील, तर ॲल्युमिनियमच्या एका वाढलेल्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. पुढच्या नमुन्याची वाट पाहावी.

तांब्याकडे मी सर्वांत बारकाईने पाहतो. त्याचा आकडा लहान असतो म्हणून ते दुर्लक्षित राहते, पण विरघळलेले तांबे फिरत फिरत ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर जाऊन बसते आणि तिथे दोन धातूंची सूक्ष्म विद्युतघटमाला तयार होऊन ॲल्युमिनियमला खड्डा पडतो. ज्या गाडीत हीटर कोअर जुना तांब्याचा आणि रेडिएटर नंतर बसवलेला ॲल्युमिनियमचा आहे, तिथे हा धोका विशेष असतो. तांब्यासोबत जस्तही वाढले असेल तर पितळ झिजते आहे; शिसे आणि कथील एकत्र वाढले असतील तर सोल्डरचे जोड कुरतडले जात आहेत आणि गळती जवळ आली आहे असे समजावे. सगळा रेडिएटर ॲल्युमिनियमचा असताना शिसे दिसले, तर पूर्वी कुणी तरी सोल्डरने दुरुस्ती केली होती का, किंवा कोणता जुना भाग अजून शिल्लक आहे का, याचा शोध घ्यावा.

लहान आकडा फसवा कधी असतो

धातू मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत नमुना अतितप्त प्लाझ्मात फवारून प्रत्येक धातूचा प्रकाश मोजला जातो. विरघळलेले धातू आणि अतिसूक्ष्म कण तीत दिसतात. गंजाच्या खपल्या दिसत नाहीत. त्यामुळे झाकणाखाली तपकिरी चिखल जमलेला असताना लोह 8 पीपीएम आले, तर चिखलावर विश्वास ठेवावा. ॲल्युमिनियमचेही असेच आहे: ते पांढुरक्या, जेलीसारख्या साक्याच्या रूपात तळाशी बसते आणि अहवालातून निसटते. बाटली रात्रभर स्थिर ठेवून, विजेरीच्या उजेडात तळ पाहावा आणि बाहेरून लोहचुंबक फिरवून गाळ हलतो का ते पाहावे. यात पाच मिनिटेही जात नाहीत.

दुसरी फसगत वरून घातलेल्या पाण्याने होते. गाडी दर महिन्याला अर्धा लिटर कूलंट गमावत असेल आणि तेवढे पाणी वरून पडत असेल, तर धातूही विरळ होत जातात आणि आकडे सोज्वळ दिसतात. ग्लायकॉलचे प्रमाण कमी असलेल्या अहवालात धातूंचे आकडे प्रत्यक्षापेक्षा लहान आहेत, असेच गृहीत धरावे.

एक नमुना अहवाल

समजा, वर सांगितलेल्या 1.3 लिटर डिझेल गाडीचा अहवाल असा आहे: ग्लायकॉल 28 टक्के, सामू 7.1, लोह 46, ॲल्युमिनियम 14, तांबे 2, शिसे शून्य, कॅल्शियम 60, क्लोराइड 140. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. ग्लायकॉल 28 म्हणजे गंजरोधके विरळ झाली; कॅल्शियम आणि क्लोराइड म्हणजे त्या जागी साधे पाणी गेले; लोह आणि ॲल्युमिनियम म्हणजे बीड व ॲल्युमिनियम दोन्ही उघडे पडले. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. मात्र पाणी का घालावे लागले, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर गळणाऱ्या होजमध्ये, वॉटर पंपात किंवा दाब न धरणाऱ्या झाकणात शोधावे लागते.

आता त्याच गाडीत ग्लायकॉल 49, कॅल्शियम नगण्य, पण सामू 6.4, ग्लायकोलेट भरपूर आणि धातू वाढलेले असे समजा. इथे पाण्याचा दोष नाही. कूलंट एक तर फार जुने झाले आहे, किंवा इंजिन वारंवार तापते आहे, किंवा हेड आणि ब्लॉक यांमधल्या सीलमधून, म्हणजे हेड गॅस्केटमधून, ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरून ते आम्लधर्मी होत आहे. कूलंट भरून वर्षच झाले असेल, तर पहिली शक्यता बाद होते आणि गॅस्केटची तपासणी करून घ्यावी. त्यासाठी गॅरेजमध्ये रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची नळी धरतात. ज्वलनवायू असतील तर त्या द्रवाचा रंग बदलून हिरवट किंवा पिवळा होतो.

तिसरी स्थिती क्वचित येते: ग्लायकॉल, सामू, पाणी सारे उत्तम, आणि ॲल्युमिनियम तरीही चढते. रेडिएटर नवा नसेल, तर विजेच्या जोडण्यांवर संशय घ्यावा. इंजिन थंड असताना झाकण काढावे, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, त्याची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी आणि लाल तारेचे टोक धातूला न टेकवता कूलंटमध्ये बुडवावे. 0.1 व्होल्टपर्यंतचा आकडा साधारणपणे निर्धोक मानतात, 0.3 च्या वरचा नाही. मग सोबत्याला दिवे, ब्लोअर, पंखा एकेक करून सुरू करायला सांगावे आणि स्टार्टर फिरवताना हात पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर ठेवावेत. एखादे उपकरण सुरू करताच आकडा उसळला, तर त्याचे अर्थिंग खराब असून प्रवाह कूलंटमधून वाट काढतो आहे.

कारण दूर केल्यावर

आता कूलंट बदलावे, आणि इथे एक हिशेब चुकतो तो आधीच सांगतो. समजा गाडीत एकूण 6 लिटर कूलंट मावते. डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा धुऊन शेवटी ड्रेन केले, तर साडेतीन लिटरच बाहेर येते. अडीच लिटर पाणी ब्लॉकमध्ये आणि हीटर कोअरमध्ये तसेच राहते. त्यावर साडेतीन लिटर रेडी-टू-यूज, म्हणजे आधीच निम्मे पाणी मिसळलेले, कूलंट ओतले तर ग्लायकॉल 1.75 लिटर, म्हणजे जेमतेम 29 टक्के होते. नवा कूलंट भरूनही गाडी पहिल्या दिवसापासून अशक्तच राहते. म्हणून धुतल्यानंतर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेले कूलंट, वापरावे: 3 लिटर कॉन्सन्ट्रेट आधी, मग अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर. गाडीच्या पुस्तिकेत वेगळे प्रमाण दिले असेल, तर त्यानुसार हिशेब करावा. कूलंटचा प्रकारही पुस्तिकेतूनच ठरवावा, रंगावरून नव्हे. हिरवा किंवा गुलाबी रंग कंपनी आपल्या सोयीने घालते. तीव्र आम्लाचे रेडिएटर क्लीनर ॲल्युमिनियमच्या गाडीत वापरू नयेत.

काढलेले जुने कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जीवघेणे असते; कुत्री-मांजरे ते चाटतात, लहान मुलांच्या हाती लागू शकते. झाकणबंद कॅनमध्ये भरून, चिठ्ठी लावून, जिथे जुने ऑइल रीतसर गोळा केले जाते अशा वर्कशॉपमध्ये विचारून द्यावे.

भरल्यानंतर सुमारे 1000 किलोमीटर चालवून पहिला नमुना द्यावा. त्यात थोडे लोह दिसेलच, कारण आत राहिलेला जुना गंज विरघळतो; या आकड्यांना आरंभरेषा मानावे. दुसरा नमुना सहा महिन्यांनी द्यावा आणि दोहोंतला फरक मधल्या किलोमीटरांनी भागून दर 10,000 किलोमीटरला किती पीपीएम वाढ झाली ते काढावे. लोह स्थिरावले आणि ॲल्युमिनियमही जागेवर राहिले, तर यापुढे वर्षातून एक तपासणी पुरेशी आहे. तांबे मात्र पुन्हा चढताना दिसले, तर पुढच्या नमुन्यासाठी थांबू नये. तांब्याचा हीटर कोअर किंवा ऑइल कूलर, जो कोणता भाग ते सोडत असेल तो, ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला भोक पडण्याआधी बदलून घ्यावा.